व, खा, का आणि चार

मला पाहून लोक आधी ‘पियानो’च म्हणतात. मी मनावर घेत नाही, मित्रांनो. दिसायला आम्ही एकाच घरातले वाटतो खरे. पण पियानोच्या पोटात हातोड्या असतात, त्या तारांवर आपटतात. माझ्या पोटात पिसं आहेत. पट्टी दाबली की आतून एक लाकडी काडी वर येते, तिला खोचलेलं पिसाचं टोक तारेला छेडतं आणि काडी मुकाट्यानं खाली बसते. पियानोवर जोर केला की तो मोठ्यानं वाजतो. माझं तसं नाही. तुम्ही गोंजारा नाहीतर बुक्का मारा, मी वाजायचा तेवढाच वाजतो. मी एक जुना हार्पसिकॉर्ड आहे. नाव जिभेला जरा जड जातं, पण दोनदा म्हटलं की बसतं.

माझा जन्म लाकडाच्या वखारीमागच्या एका खोलीत झाला. कारागिरानं माझं अंग घडवलं, पण मला आवाज दिला त्याच्या बायकोनं. पिसं ती कापायची, अगदी तान्ह्या बाळाची नखं कापावीत तशी. पीस तासायचं, काडीत खोचायचं, पट्टी दाबून ऐकायचं, नाक मुरडायचं, की पुन्हा तासायचं. कारागीर कंटाळून म्हणायचा, “अगं, पुरे आता. एवढं कोण ऐकणार आहे?”

“जो ऐकेल तो बोटं मोडेल माझ्या नावानं,” ती म्हणायची. “तुमचं काय जातंय?”

मी तयार झालो तेव्हा माझ्या अंगावर पट्ट्यांच्या दोन ओळी होत्या, जिन्याच्या दोन पायऱ्यांसारख्या, एक खाली आणि एक वर. आत तारांचे तीन संच होते. दोन संचांना ‘आठ फुटी’ म्हणतात आणि तिसऱ्याला ‘चार फुटी’. आता तुम्ही मोजपट्टी घेऊन आलात तर आठ फूट लांबीची तार माझ्यात एकही सापडायची नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! हवेवर वाजणारे मोठे ऑर्गन असतात ना, त्यांच्या नळ्यांच्या मापावरून ही नावं आमच्याकडे आली. आठ फुटी म्हणजे कागदावर लिहिला आहे तोच सूर. चार फुटी म्हणजे तोच सूर, पण एक सप्तक वर. आठ फुटी तारा समंजस आहेत. चार फुटी तोंडाळ. शिवाय कातडीची एक पट्टी आहे. ती तारांना हलकेच टेकली की माझा आवाज असा येतो, जणू कुणी तोंडावर हात ठेवून बोलतंय.

कोणता संच वाजवायचा आणि कोणता गप्प ठेवायचा, हे ठरवणाऱ्या पितळी दांड्यांना स्टॉप म्हणतात. बाजाची पेटी वाजवणाऱ्यांना हा शब्द ठाऊक असेल. पण दांडी ओढायची तर एक हात रिकामा हवा, आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात तर पट्ट्यांवर गुंतलेले! म्हणून कुठे हात क्षणभर मोकळा होतो, कुठे काय ओढायचं, कुठे काय परत ढकलायचं, याच्या खुणा सुरांच्या कागदावर आधीच करून ठेवाव्या लागतात. छापलेल्या कागदावर बहुतेक वेळा काहीच नसतं. ज्यानं त्यानं आपल्या वाद्याला आणि आपल्या हाताला जमेल तशा खुणा करायच्या. त्यामुळे होतं काय, की ज्याच्या खुणा त्यालाच कळतात. आमच्या घरी यावरूनच सगळं रामायण घडलं. तेच सांगतो.

कारागिराकडून मी एका संगीत शाळेत गेलो. तिथली सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची होती. पाहुणे आले की माझं झाकण पुसलं जायचं, मुलांना रांगेनं उभं करून माझी ओळख करून दिली जायची. मग शाळेत विजेवरची वाद्यं आली. त्यांना सूर लावावे लागत नसत, पिसं तासावी लागत नसत. मी आधी कोपऱ्यात गेलो, मग भांडारात. माझ्यावर खुर्च्या रचल्या गेल्या. एका थंडीत माझी तारांखालची पातळ फळी तडकली. तो आवाज चांगला खणखणीत झाला होता, पण ऐकायला कुणी नव्हतं.

त्या शाळेत नव्यानं लागलेल्या एक शिक्षिका एकदा खुर्ची शोधत भांडारात आल्या. खुर्ची राहिली बाजूला. पदर खोचून त्यांनी माझ्यावरचा ढिगारा उतरवला आणि तशाच धुळीच्या हातांनी मुख्याध्यापकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तुम्हाला तो अडगळ वाटतो ना?” त्या म्हणाल्या. “मग ती अडगळ मला द्या.”

या बाई म्हणजेच माझं पुढचं सगळं आयुष्य. सगळे त्यांना बाईच म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली एका शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या मशीनचा आवाज जमिनीतून माझ्या पायांपर्यंत यायचा. मला जिन्यावरून वर आणताना त्यानंही खांदा दिला होता. बाईंचे यजमान लवकर गेले होते. घरात त्या आणि त्यांची एक लहान मुलगी. ती अखंड चिवचिवायची, म्हणून तिला चिमणी म्हणत. शाळेतून आल्यावर बाई शिकवण्या घ्यायच्या, आणि सगळी मुलं गेली की स्वतःसाठी वाजवायला बसायच्या. हातात पेन्सिलीचं थोटूक असायचं. वाजवता वाजवता थांबायच्या, कागदावर काहीतरी खरडायच्या, दांडी ओढायच्या, पुन्हा वाजवायच्या. जमलं नाही की खोडून टाकायच्या. माझ्या अंगावर खोडरबराचा चुरा कायम असायचा.

चिमणीलाही त्यांनी शिकवायला घेतलं. तिचा कान चांगला होता. पण बाई शिकवायला बसल्या की करवतीसारख्या व्हायच्या, येताना कापायच्या आणि जातानाही कापायच्या. जेवताना ताटावर बोटं वाजवून ताल विचारायच्या. एकदा चिमणी घास तसाच ठेवून उठली. म्हणाली, “शाळेत बाई, शिकवणीत बाई, आता जेवतानाही बाईच! तू आई कधी होणार?”

चिमणीनं त्यानंतर माझ्या पट्ट्यांना हात लावला नाही. ती मोठी झाली, तिनं डोळे तपासायचं शिक्षण घेतलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला चष्म्याचं दुकान काढलं. तिकडेच लिफ्ट असलेल्या इमारतीत घर केलं. लग्न काही तिनं केलं नाही. सुटीच्या दिवशी आईकडे यायची, औषधं आणायची, दिवे दुरुस्त करून घ्यायची. दोघींचं भांडण नव्हतं. नुसतं बोलणं कमी होतं.

आणि मग एक सकाळ आली. बाई माझे सूर लावत होत्या. एकाच तारेवर त्या पुन्हा पुन्हा टकटक करत होत्या, तार हळूहळू वर चढत होती. मध्येच त्यांच्या उजव्या हातातली तार पिळायची किल्ली निसटून माझ्या फळीवर पडली. त्यांनी ती उचलायला हात पुढे केला, पण हात आलाच नाही. त्या काहीतरी बोलू गेल्या, तर तोंडातून भलताच आवाज निघाला. माझ्या अंगावर ओणव्या होऊन त्या हळूहळू खाली घसरल्या. मला बोलता येत नाही, मित्रांनो. त्या दिवसाइतकं ते कधी सललं नव्हतं.

खाली शिंप्याचं मशीन थांबलं. बाई सूर लावायला बसल्या की तो एकच सूर त्याच्या डोक्यात घण घातल्यासारखा वाजत राहायचा, आणि लागला की सुटल्यासारखं वाटायचं. आज सूर लागायच्या आधीच आवाज बंद पडला, म्हणून तो वर बघत राहिला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, गळ्यात मोजपट्टी तशीच घेऊन धावत वर आला. त्याच्या त्या धावण्यानं बाई वाचल्या.

इस्पितळातून त्या परत आल्या तेव्हा उजवा हात मांडीवर निजलेल्या मांजरासारखा पडून असायचा. उजवा पाय ओढत, कुणाचा तरी हात धरून, चार पावलं जेमतेम जायच्या. इस्पितळातून दिलेली काठी पलंगाशीच पडून असायची. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांचे शब्द गेले होते. एकच शब्द उरला होता. तो होता ‘चार’.

“आई, पाणी देऊ?” चिमणी विचारायची. ती आता दुकान लवकर बंद करून इथेच राहायला आली होती.

“चार,” बाई म्हणायच्या.

“चार वाजता देऊ?”

बाई मान हलवायच्या. नाही.

“मग काय, चार बिस्किटं हवीत?”

तिनं खरंच चार बिस्किटं आणून ठेवली. बाईंनी बशी सरकवून दिली आणि तोंड भिंतीकडे केलं.

गेलेली वाचा परत शिकवायला एक ताई यायच्या. त्यांनी चिमणीला समजावलं, “त्यांना सगळं कळतं बरं का. मनात खिडकी येते, चहा येतो, तुमचं नावही येतं. पण ओठांपर्यंत येताना सगळ्याचं ‘चार’ होतं. त्यांनाही ऐकू येतं की आपण भलतंच बोललो. म्हणून तर रडतात.”

शिंपीकाका रोज वर डोकावून जायचे. “कशा आहात, बाई?”

“चार.”

“खरं आहे. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. जातील हेही दिवस.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा “चार” आलं, तर ते म्हणायचे, “चारचौघांत उठून दिसाल अशी झाली आहे तब्येत!” काका कधी अडले नाहीत. तेवढ्यापुरत्या बाई जरा हसायच्या. बाकी वेळ गप्प. जेवण कमी होत गेलं, व्यायामाला त्या नकार देऊ लागल्या. चिमणीनं ठरवलं की आईला आपल्या लिफ्टच्या घरी न्यायचं. त्या घरात माझी कुठेच सोय नव्हती. एका हॉटेलवाल्याला दर्शनी दालनात ठेवायला काहीतरी जुनं हवं होतं. तो येऊन मला पाहून गेला. “आतलं तारांचं जंजाळ काढून टाकू,” तो म्हणाला, “आणि वर फुलांच्या कुंड्या. काय छान दिसेल!” चिमणीनं त्याचा फोन नंबर लिहून घेतला. मी तर काय बोलणार?

वाचेच्या ताईंनी तिला एक सुचवलं होतं, की आईला आवडायचं असं काहीतरी घरात होऊ दे. म्हणून एका संध्याकाळी चिमणीनं आईला माझ्याजवळच्या खुर्चीत बसवलं आणि किती वर्षांनी माझं झाकण उघडलं. सुरांचा कागद बाईंनी ठेवला तसाच माझ्यावर उभा होता. ती वाजवू लागली. मी इतका बेसूर झालो होतो की माझीच मला लाज वाटली. तिची बोटंही गंजली होती. मध्येच ती अडखळली.

“इथे चार लिहिलंय. म्हणजे चौथं बोट,” ती स्वतःशीच पुटपुटली. लहानपणी तिच्या कागदांवर कुठलं बोट लावायचं ते आकड्यांत लिहिलेलं असायचं. तिनं चौथं बोट वाकडंतिकडं करून त्या पट्टीवर नेलं. पुढे गेली, पुन्हा थांबली.

“आणि इथे आठ. आई, आठवं बोट कुठून आणू गं?”

खुर्चीतून एक आवाज आला. बाई हसत होत्या. डावा हात तोंडावर ठेवून, खांदे हलवत, मनापासून हसत होत्या. चिमणी वळून बघतच राहिली. मग तीही कागदाकडे नाक नेऊन वाचू लागली. “हे काय आहे? ‘खा’! काय खा? ‘४ खा’! अगं बाई, म्हणजे बिस्किटंच ना? आणि इथे विचारलंय, ‘का’? मला काय माहीत का!”

दोघी हसून हसून दमल्या. मग बाईंनी डावा हात लांब केला आणि माझ्या डावीकडच्या पितळी दांडीकडे बोट दाखवलं. चिमणीनं ती ओढली, तोच सूर पुन्हा वाजवला. चार फुटी तारा जाग्या झाल्या आणि आवाजात चांदीच्या ताटलीवर चमचा पडावा तशी लकाकी आली.

“चार,” बाई म्हणाल्या. पण चिमणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कधी कागदाकडे, कधी दांडीकडे बघत होती.

त्या दिवसापासून त्यांचा धडा सुरू झाला. आधी माझे सूर लावायला घेतले. चिमणीनं मोबाईलवर सूर दाखवणारं काहीतरी लावलं, तर बाईंनी त्यावर सरळ उशी ठेवली आणि डाव्या हातात किल्ली घेतली. चिमणी पट्टी दाबायची, बाई मान तिरकी करून ऐकायच्या आणि तार चढवायच्या. खाली मशीन पुन्हा थांबायचं, आणि सूर लागला की सुरू व्हायचं.

खुणांचा अर्थ लावायची युक्ती मात्र चिमणीला तिच्या दुकानानं दिली. गिऱ्हाइकाला नुसतं ‘कसं दिसतंय?’ विचारलं तर त्याला सांगता येत नाही. म्हणून ती एक काच लावायची, मग दुसरी, आणि विचारायची, “हे बरं, की ते बरं?” तेच तिनं आईसाठी केलं. एकच ओळ दोन तऱ्हांनी वाजवायची.

“हे बरं?” ती वरच्या पट्ट्यांवर वाजवायची. “की हे?” खालच्या पट्ट्यांवर. बाई एकीला ‘नाही’ म्हणून मान हलवायच्या, दुसरीला पसंतीनं डोळे मिटायच्या. उत्तर देण्यासाठी शब्द लागतच नव्हता. अशा रीतीनं कळलं की ‘व’ म्हणजे वरची ओळ, ‘खा’ म्हणजे खालची ओळ. ‘का’ म्हणजे कातडी. ‘८’ आणि ‘४’ म्हणजे त्या त्या तारा सुरू करायच्या. आकड्यावर तिरकी रेघ असेल तर त्या बंद करायच्या. खूण जिथे लिहिली आहे तिथेच का लिहिली, तेही हळूहळू उमगू लागलं.

“अच्छा! इथे डावा हात रिकामा होतो, म्हणून ‘चार’ इथे आलं. एक ओळ आधी हवं होतं, पण हात नव्हता. बरोबर?”

बाईंनी इतक्या जोरात होकाराची मान डोलावली की त्यांचा चष्मा खाली आला. चिमणीनं तो सवयीनं नीट करून, कानामागची दांडी जरा वाकवून परत बसवला. आणि तसाच चेहरा हातात धरून म्हणाली, “एक सांगू, आई? लहानपणी तू अशी गप्प बसली असतीस ना, तर मी शिकले असते गं.”

बोलल्यावर तिनं जीभ चावली. बाईंनी डाव्या हातानं तिच्या बोटांच्या पेरांवर एक टपली मारली, शिकवणीतल्या मुलांना मारायच्या तशी, आणि तो हात तिथेच राहू दिला.

पण सगळं असं गोडीगुलाबीनं चाललं असतं तर गोष्ट कशाला झाली असती? बाईंच्या कागदांत एक संथ रचना होती. तिच्या माथ्यावर लिहिलं होतं ‘खा, फक्त ४’, आणि त्यापुढे खाली तोंड केलेला एक बाण. चिमणीनं खालची ओळ घेतली, आठ फुटी बंद केल्या, एकट्या चार फुटी सुरू ठेवल्या. आवाज असा आला, जणू कानाशी डास. बाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

“चुकलं? बरं, वरची ओळ?” थाप. “कातडी?” थाप. “आठ आणि चार, दोन्ही?” दोन थापा. बाई बाणाकडे बोट दाखवत राहिल्या. “चार, चार, चार!”

“खालीच तर आहे मी!” चिमणी म्हणाली. ती दिवसभर दुकानात उभी राहून दमली होती. “खालच्या ओळीवरच आहे! अजून किती खाली जाऊ, शिंपीकाकांच्या दुकानात?” बाईंनी पुन्हा थाप मारली, आणि तिचा तोल गेला. “अगं, मग बोल ना एकदा नीट! नुसतं चार, चार, चार! मला नाही कळत!”

बाईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं गेलं. त्या उठू लागल्या, पण उठता येईना. रुसून उठून जायलासुद्धा त्यांना लेकीचाच हात लागला. चिमणीनं हात दिला, आतल्या खोलीपर्यंत नेलं, अंगावर पांघरूण घातलं. दोघींपैकी कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

पुढचे काही दिवस माझं झाकण बंद होतं. बाई पलंगावरून उतरल्या नाहीत. सूप तसंच गार व्हायचं. ताईंनी पुढ्यात धरलेली चित्रांची पानं त्या बघतही नव्हत्या. चिमणीनं हॉटेलवाल्याला फोन केला आणि म्हणाली, “उद्या घेऊन जा.” फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्या अंगावर हात ठेवून उभी होती. नंतर ती शिंपीकाकांना सांगायला खाली गेली. काका म्हणाले, “ने बाई, तुझी आई, तुझं घर. मी कोण सांगणारा? पण वर वाजायला लागलं की माझी शिवण सरळ यायची.”

ती वर आली. ऊन खिडकीच्या चौकटीवरून उतरत होतं. तिनं शेवटचं म्हणून माझं झाकण उघडलं, आणि तोच संथ सुरांचा कागद पुढे घेतला. कळत नव्हताच, मग निदान चुकीचा तरी वाजवून घ्यावा, असं तिला वाटलं असावं. फक्त चार फुटी तारा, उंच, किरट्या, एकट्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती तशीच वाजवत राहिली.

आतल्या खोलीत पलंग करकरला. चिमणीला ते ऐकू आलं नाही, मला आलं. मग काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज. मग एक पाऊल. मग ओढलेलं पाऊल. भिंतीला घासणाऱ्या खांद्याची खसखस. कपाटाला अंग टेकल्यावर त्याची कडी वाजली. पुन्हा काठी. तिकडे कुणी हात द्यायला नव्हतं, मित्रांनो. मी सगळा जीव कानांत आणून ऐकत होतो, आणि चिमणी चुकीचं वाजवत होती, हे किती बरं झालं! कारण बाई आल्या त्या प्रेमानं नव्हे, रागानं आल्या. बेसूर एक वेळ त्यांनी सोसला असता, पण हे त्यांना सोसवेना.

दाराच्या चौकटीला टेकून त्या उभ्या राहिल्या. केस सुटलेले, एक सपात पायात, एक मागे राहिलेली.

“चार!” त्या ओरडल्या.

चिमणी दचकून उभी राहिली. “आई! तू एकटी चालत...”

बाईंनी काठी आपटली. चालण्याचं कौतुक त्यांना नको होतं. त्या तशाच फरफटत पुढे आल्या, चिमणीला बाकावर बसवलं, स्वतः तिच्याशेजारी धपकन बसल्या. माझ्या चार फुटीच्या दांडीवर त्यांनी बोट ठेवलं.

“चार,” त्या म्हणाल्या.

आणि त्या वेळी त्या शब्दाचा अर्थ चारच होता. त्यांना जे म्हणायचं होतं तेच तोंडातून आलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनाही ते कळलं. त्या क्षणभर थांबल्या, ओठांवर बोटं ठेवून, जणू तो शब्द उडून जाईल. मग त्यांनी चिमणीचं एक मनगट धरलं आणि पट्ट्यांवरून डावीकडे सरकवत नेलं, एक अख्खं सप्तक खाली. मग दुसरं मनगट. तेवढाच बाणाचा अर्थ होता! चार फुटी तारा एक सप्तक वर बोलतात. म्हणून हात एक सप्तक खाली न्यायचे, की सूर बरोबर जागी येतो.

चिमणीनं पहिला सूर दाबला. मित्रांनो, मी इतकी वर्षं जगलो, पण माझ्या त्या तोंडाळ तारांना इतक्या हळुवारपणे बोलताना मी क्वचित ऐकलं होतं. लहान मुलीनं आईच्या पट्टीत, आईला ऐकू जाईल एवढंच गावं, तसा तो आवाज होता.

“हे बरं?” चिमणीनं विचारलं. दुसरं काही वाजवून दाखवायची गरज नव्हती. बाईंनी डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्याची माणसं दोर आणि घोंगड्या घेऊन आली. चिमणी दारातच उभी राहिली.

“नाही नेता येणार,” ती म्हणाली. “आईनं नको म्हटलंय.”

“पण त्यांना तर बोलता येत नाही म्हणालात!”

“ती कालपर्यंतची गोष्ट.”

पुढे सगळं एका फटक्यात सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. बाईंचा उजवा हात आला नाही. शब्द थोडे थोडे आले, आणि तेही आपल्या मर्जीनं. ‘चार’नंतर आधी ‘आठ’ आला. मग एके दिवशी दुकानातून दमून आलेल्या लेकीसमोर बशी सरकवून बाई म्हणाल्या, “खा.” चिमणीनं सवयीनं माझ्या खालच्या पट्ट्यांकडे पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. त्या दिवशी तिनं रडत रडत बिस्किटं खाल्ली. तिनं लिफ्टचं घर सोडलं आणि दुकानाजवळची ती सोय विसरून इथे कायमचीच राहिली.

आता रोज संध्याकाळी दोघी माझ्यासमोर एकाच बाकावर बसतात. डावीकडे बाई, त्यांचा डावा हात खालचे सूर वाजवतो. उजवीकडे चिमणी, तिचा उजवा हात वरचे. दोघींचे मिळून एका वादकाचे दोन हात, आणि वर चिमणीचा डावा हात मोकळा! एकट्या वादकाला जे कधीच जमत नाही ते या दोघींना जमतं. सूर धावत असताना, मध्येच, चिमणीचा हात आईच्या खांद्यावरून पलीकडे जातो आणि दांडी ओढतो. कधी कधी दांडी ओढून झाल्यावरही तो खांद्यावरच राहतो.

परवाची गोष्ट. एका जलद रचनेत, जिथे दोन्ही हातांना उसंत नाही अशा जागी, चिमणीनं पेन्सिलीनं एक ‘४’ लिहिला. बाईंच्या कागदावर दुसऱ्या कुणाची खूण हे आजवर घडलं नव्हतं. बाईंनी ती पाहिली. भुवया वर गेल्या. त्यांनी खोडरबर उचलून मांडीवर तयार ठेवला. चिमणीनं श्वास रोखल्याचं मला कळलं.

“वाज,” बाई म्हणाल्या. ‘वाजव’मधला ‘व’ अजून यायचा होता.

दोघींनी वाजवलं. खुणेपाशी चिमणीचा हात खांद्यावरून गेला, आणि धावत्या सुरांच्या मधोमध चार फुटी तारा उजळून निघाल्या. ओळ संपली. बाईंनी मांडीवरचा खोडरबर बाजूला ठेवला आणि पान उलटलं.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं वाद्य तुमच्या पाहण्यात आलं तर त्याला उन्हात ठेवू नका, ओलीत ठेवू नका आणि त्याच्यावर कुंड्या तर मुळीच ठेवू नका. अधूनमधून एखादा सूर दाबा. पिसं वापरात राहिली की टिकतात. आणि तुमच्या घरातही कुणीतरी कशावर तरी खुणा करत असेल. शिवणाऱ्याची कापडावर खडूची रेघ असेल, वाचणाऱ्याची पानाच्या कडेला फुली असेल. त्या माणसाशेजारी एकदा बसा. हे काय लिहिलं आहेस, असं विचारा. उत्तर लगेच कळलं नाही तर चिडू नका; पुन्हा विचारा. मला पिसांचं आयुष्य ठाऊक आहे. माणसाच्या आवाजाचं किती, ते कुणालाच ठाऊक नसतं.